शेवटची संधी म्हणून गाडी घेऊ नका

पत्र असं आहे:

"सर, नमस्कार. वय २८, अजून लग्न नाही. मूळ गाव औसा तालुक्यात, नोकरी वाळूज एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका वेंडर कंपनीत, सीएनसी सेक्शनला. हातात ३८ हजार पडतात. ओव्हरटाइम होता तेव्हा ४६ पर्यंत जायचे. आता ओव्हरटाइम बंद, तिसरी शिफ्ट बंद, बाहेरच्या ऑर्डरी कमी झाल्यात. लहानपणापासून मला एकच नाद, स्पोर्ट्स कारचा. रविवारी बाईक घेऊन म्हैसमाळच्या रस्त्याला जातो, पण जीव चार चाकांतच आहे. सगळीकडे वाचतो की सामान्य माणसाला परवडतील अशा स्पोर्टी गाड्या एकेक करून बंद पडतायत आणि मंदीत उरलेल्याही जातील. म्हणून दीड लिटर टर्बो इंजिनाची एक सेडान २५ हजार भरून बुक केली. ऑनरोड साडेसोळा लाख. माझे साठवलेले साडेचार लाख घालायचे आणि १२ लाखांचं कर्ज काढायचं, ७ वर्षं, साडेनऊ टक्के. अण्णा (माझे वडील) म्हणतात, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, आत्ता नको. मला वाटतं आत्ता नाही घेतली तर अशी गाडी जन्मात मिळणार नाही. काय करू? आणि बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतील का?
– गाडीवेडा, वाळूज"

नमस्कार.

उत्तर आधी सांगतो: ही गाडी आत्ता घेऊ नका. पण 'पोरगं नादी लागलंय' असं समजून मी हे म्हणत नाही. चांगल्या गाडीची ओढ ही खरी ओढ असते. जो माणूस दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून एका मायक्रॉनसाठी जॉब परत लावतो, त्याला नीट वळणाऱ्या गाडीचं मोल इतरांपेक्षा जास्त कळतं. तुमची भीतीही अगदीच खोटी नाही. फक्त ती अर्धी खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग कळला तर तुमची घाई निघून जाईल असं मला वाटतं.

स्वस्त स्पोर्ट्स कार जन्माला कशी येते ते आधी बघू. मोठ्या कंपनीची साधी, घरगुती गाडी लाखांनी खपत असते. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, फ्लोअर, बटणं या सगळ्यांचा टूलिंगचा, म्हणजे साचे-डाय बनवण्याचा, खर्च त्या खपातून निघालेला असतो. त्याच सामानावर कुणीतरी वेगळी बॉडी चढवतो, सस्पेन्शन कडक करतो, वजन उतरवतो. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आली ती अशीच. खाली फाल्कन या साध्या गाडीचं सामान, वर देखणी बॉडी, किंमत २,३६८ डॉलरपासून. पहिल्याच वर्षात चार लाखांवर गाड्या गेल्या. इंग्लंडची एमजीबी १९६२ ची. तिच्यातही बीएमसी कंपनीच्या रोजच्या गाड्यांच्या घराण्यातलं इंजिन, आणि तीही १९८० पर्यंत पाच लाखांवर बनली. म्हणजे परवडणारी स्पोर्ट्स कार साध्या गाडीच्या जिवावर जगते. तुम्ही डाय आणि फिक्स्चरच्या जगातले आहात, तुम्हाला हे गणित उलगडून सांगायला नको. पार्ट किती हजारांत निघणार यावर त्याची किंमत ठरते.

यामुळेच मंदी आली की पहिली कुऱ्हाड हिच्यावर पडते. साधी गाडी कमी खपू लागली की कंपनी मॉडेलची यादी काढून बसते आणि ज्याचा खप हजारांत आहे त्यावर काट मारते. २००८ च्या मंदीत हे फार उघडपणे झालं. जनरल मोटर्सने १ जून २००९ ला दिवाळखोरीचा अर्ज केला. पॉन्टिअॅक हा अख्खा ब्रँड बंद झाला आणि त्यासोबत सॉल्स्टिस ही छोटी, उघड्या टपाची दोन सीटर गाडी गेली. तिचा फ्लोअर कंपनीच्या कुठल्याही घरगुती गाडीला लागत नव्हता, त्यामुळे वाचवायला कारणच उरलं नाही. होंडाची एस२००० त्याच वर्षी संपली. तिचंही तेच, सगळं सामान तिच्यापुरतं. होंडाने तर डिसेंबर २००८ मध्ये फॉर्म्युला वनही सोडलं आणि एनएसएक्सच्या जागी आणायची म्हणून चाललेली मोठी स्पोर्ट्स कारही रद्द केली. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात टोयोटासारखी कंपनी तोट्यात गेली. अशा वेळी दोन सीटच्या गाडीची बाजू कोण मांडणार?

त्याआधी १९७३ चं तेलसंकट झालं. एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तेव्हाही लोक हेच बोलत होते जे आज तुम्ही वाचताय: संपलं, आता अशा गाड्या येणार नाहीत.

आता उरलेला अर्धा भाग. तेलसंकटाच्या नेमक्या त्या दिवसांत फोक्सवॅगन स्वतः अडचणीत होती. जुनी बीटल थकली होती आणि नवी गोल्फ १९७४ मध्ये नुकतीच आली होती. तिथल्या काही इंजिनिअरांनी त्या साध्या गोल्फमध्ये ११० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. गाडीचं वजन सव्वाआठशे किलोंच्या आत-बाहेर. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली, १९७६ मध्ये विकायला काढली. कंपनीचा अंदाज होता पाच हजार गाड्यांचा. ती पहिली गोल्फ जीटीआय साडेचार लाखांवर खपली. आज आपण ज्याला हॉट हॅच म्हणतो तो सगळा प्रकार त्या मंदीच्या खाईतून वर आला. मोठी, पेट्रोल पिणारी स्पोर्ट्स कार कुणाला परवडत नव्हती. मग लहान, हलकी, चार माणसं आणि किराणा दोन्ही नेणारी गाडी आली. मस्टँगचंही बघा. १९७४ चं मॉडेल फोर्डने एकदम छोटं केलं, पिंटो या लहान गाडीच्या सामानावर. त्या वर्षी व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन दिलंच नाही. जुन्या शौकिनांनी नाकं मुरडली, पण पहिल्याच वर्षी पावणेचार लाखांवर गाड्या गेल्या.

२००८ नंतरही तेच. टोयोटा तोट्यात असताना २००९ मध्ये अकिओ टोयोडा अध्यक्ष झाले. माणूस स्वतः रेसिंग करणारा. २०१२ मध्ये टोयोटा ८६ आली, पण टोयोटाने ती एकटीने केली नाही. सुबारूचं इंजिन, सुबारूचा गुन्मातला कारखाना, आणि त्याच गाडीची सुबारूची जुळी बहीण बीआरझेड. खर्च दोघांत वाटला. माझदाच्या एमएक्स-५ ने, म्हणजे मियाटाने, हाच रस्ता धरला. १९८९ मध्ये जन्मलेली ही गाडी जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला तेव्हा टिकली, २००८ मध्ये टिकली. २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा आकडा ओलांडला. तिच्या चौथ्या पिढीचा सांगाडा फियाटने आपल्या १२४ स्पायडरसाठी घेतला आणि दोन्ही गाड्या हिरोशिमातच बनल्या. मंदीत ज्या गाड्या वाचल्या त्या बहुतेक अशाच, भागीदारीतल्या आणि अंगाने हलक्या.

म्हणून माझं ठाम मत असं की मंदी परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचा वंश बुडवत नाही. ती एक पिढी मारते आणि चार-पाच वर्षांनी दुसरी, थोडी वेगळी पिढी येते. आज दुकानात जी दिसतेय तीच मिळेल असं मी म्हणत नाही. काहीतरी मिळेल, आणि तेव्हा तुमचं वय ३३ असेल.

मात्र या वेळी एक गोष्ट पूर्वीपेक्षा जड आहे, ती लपवत नाही. पूर्वी गाड्या खपाअभावी जायच्या. आता नियमांमुळेही जातात. युरोपात २०२४ च्या मध्यात नवे सुरक्षा नियम लागू झाले आणि टोयोटाने जीआर८६, म्हणजे ८६ ची पुढची पिढी, तिथून काढून घेतली. गाडी खपत नव्हती म्हणून नव्हे, त्या नियमांत बसवण्याचा खर्च एवढ्या थोड्या गाड्यांवर निघत नव्हता म्हणून. फोर्डने फिएस्टा २०२३ मध्ये थांबवली, तिच्याबरोबर तिची स्पोर्टी आवृत्ती फिएस्टा एसटीही गेली. अमेरिकेत शेवरलेची कॅमॅरो गेली. ही घसरण खरी आहे आणि तुम्ही वाचलंत ते त्याच्याबद्दलच आहे.

पण मियाटा आणि जीआर८६ आपल्याकडे कधी विकल्याच गेल्या नाहीत. त्यांच्या मरणाची बातमी वाचून औश्याच्या पोराने वाळूजमध्ये कर्ज काढायचं, यात मला अर्थ दिसत नाही. आपली कहाणी वेगळी आहे आणि ती तुमच्या उंबऱ्यापाशीच घडलीय.

पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटची अबार्थ पुंटो निघाली. १४५ हॉर्सपॉवर, किंमत दहा लाखांच्या आत. भारतात त्या पैशात तेवढी ताकद तोवर कुणी दिली नव्हती. २०१७ मध्ये बलेनो आरएस आली. २०१८ मध्ये टाटाने कोइम्बतूरच्या जेयमबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ हॉर्सपॉवर, ६ लाख ३९ हजारांपासून. या तिन्ही गाड्या २०२० च्या आसपास संपल्या. दोन घाव एकदम बसले. २०१९-२० मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री ३३.७७ लाखांवरून पावणेअठ्ठावीस लाखांवर आली, जवळजवळ १८ टक्के घट. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाचे नवे, कडक नियम. थोड्या खपाचं इंजिन नव्या नियमात बसवायला कुणी पैसे घालायला तयार नव्हतं. त्याआधी टाटाने २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो नावाची दोन सीटर दाखवली होती. ती बाजारात आलीच नाही.

आणि शेंद्रा. तुमच्या शहराच्या जालना बाजूला स्कोडाचा कारखाना आहे, २००१ पासून तिथे ऑक्टाव्हिया जोडल्या गेल्या. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, हे गाड्यांच्या बाबतीत कधीच मागे नव्हतं. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, देशभर चर्चा झाली होती. त्या शहराच्या ओळखीची ऑक्टाव्हिया, तिची आरएस ही स्पोर्टी आवृत्ती २०१७ मध्ये एक्स-शोरूम पंचवीस लाखांच्या आत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच आरएस परत आली ती पूर्ण बांधून आयात केलेली, फक्त १०० गाड्या, किंमत ४९ लाख ९९ हजार. सगळ्या गेल्या. त्याच वर्षी गोल्फ जीटीआय आली, ५३ लाखांना. ज्या गाडीची सगळी कीर्ती 'साध्या माणसाची स्पोर्ट्स कार' म्हणून आहे, ती आपल्याकडे बंगल्याच्या किमतीला. याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथेच जोडणी झाली, इथले पार्ट लागले, तर हीच गाडी किती खाली येऊ शकते हे शेंद्र्याने एकदा दाखवून दिलेलं आहे.

पुढे आपल्याकडे काय येईल हे कर ठरवणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते. त्याच्या वरची ४० टक्क्यांत. इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. ही तीन खणांची मांडणी समोर ठेवली की अंदाज बांधता येतो. पेट्रोलमधली परवडणारी मजा चार मीटरच्या आत, एक लिटर टर्बो इंजिनात राहील. ह्युंदाई आय२० एन लाइन हा त्याचा नमुना: ९९८ सीसी, १२० हॉर्सपॉवर, लांबी ३,९९५ मिलिमीटर. तुम्ही बुक केलेली सेडान वरच्या खणात पडते. आणि सरळ रेषेतला वेग इलेक्ट्रिकमध्ये स्वस्त होत जाईल. महिंद्राची बीई ६ चाकणमधून निघते, नोव्हेंबर २०२४ मध्ये १८ लाख ९० हजारांपासून जाहीर झाली, मागच्या चाकांना ताकद देते, आणि सुरुवातीच्या मॉडेललाच २३० च्या आसपास हॉर्सपॉवर. दहा वर्षांपूर्वी या पैशात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वजन मात्र बॅटरीमुळे भारी राहतं. एमजी सायबरस्टर दिसायला अस्सल दोन सीटर, पण वजन दोन टनांच्या घरात आणि किंमत ७२ लाखांच्या वर. हलकी आणि इलेक्ट्रिक आणि स्वस्त, असं तिन्ही एकत्र यायला अजून वेळ आहे. पण येईल तेव्हा ती नवी असेल, आणि आत्ता सात वर्षांच्या हप्त्यात अडकलेला माणूस तिच्याकडे नुसता बघत बसेल.

आता हप्ता. १२ लाख, साडेनऊ टक्के, ८४ महिने: महिन्याला १९,६०० च्या आसपास. एकूण फेड साडेसोळा लाखांच्या जवळ, म्हणजे साडेचार लाख नुसतं व्याज. तुम्ही जे साठवायला वर्षं घातलीत तेवढंच परत. पगार ३८ हजार. हप्ता गेला की उरले १८,४००. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. टर्बो गाडी मजेत चालवायची तर लिटरला बारा धरा, महिन्याला आठशे किलोमीटर, सात हजार. विमा आणि सर्व्हिसिंगसाठी तीन-साडेतीन हजार बाजूला. राहिले आठ हजार, त्यात खोलीचं भाडं, मेस, गावाला जाणं. आणि हे सगळं पगार ३८ चा ३८ राहील या भरवशावर. तुमचा स्वतःचा अनुभव सांगतो की कपात ओव्हरटाइमपासून सुरू होते, मग शिफ्ट. पुढची पायरी ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस अख्खा कारखाना बंद, किंवा कंत्राटी पोरांना 'उद्यापासून येऊ नका'. तुम्ही परमनंट असाल अशी आशा करतो. तरीसुद्धा.

देशाचा विकासदर काहीही असो, तुमच्या घरात दोन्ही बाजूंनी मंदी आलेली आहे. कारखान्यात ऑर्डर नाही आणि शेतात पीक नाही. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्यात जे केलं ते तुमच्या अण्णांनी डोळ्यांनी पाहिलंय. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये कागदावर होता, पण ज्याच्या रानात पाणी साचलं त्याला भाव काय करायचा? अण्णा 'नको' म्हणाले ते गाडीला नाही म्हणाले. 'आत्ता नको' म्हणाले. तुमच्याच पत्रात तसं आहे.

एक काम या आठवड्यात करा. अण्णांना विचारा, पीककर्ज किती आहे आणि मुदत कधी संपते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्यांनी पडतं. मुदत चुकली की ती सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बँकेत तोंड दाखवणं अवघड होतं. सरकारने काही मुदतवाढ किंवा पुनर्गठन दिलं असेल तर बँकेच्या शाखेत जाऊन ते लेखी घ्या, कुणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. तुमच्या साडेचार लाखांतले काही पैसे तिथे लागत असतील तर ते पहिले तिथे जाऊ द्या. अण्णा मागणार नाहीत. त्या पिढीचे वडील मुलाकडे मागत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारायचं.

त्यानंतर सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च, दीड-पावणेदोन लाख, एफडीत टाकून विसरून जा.

एवढं केल्यावर गाडीसाठी फार उरणार नाही. तरी गाडी घ्याच असं मी सांगणार आहे. आठ-दहा महिने थांबा, कारखान्याचं चित्र स्पष्ट होऊ द्या, आणि मग दोन-अडीच लाखांत, कर्ज न काढता, नीट सांभाळलेली जुनी पेट्रोल मॅन्युअल स्विफ्ट बघा. नाक मुरडू नका. तिचं वजन हजार किलोंच्या आसपास आहे, पहिली मियाटा साधारण तशीच होती. मियाटाची ताकद ११५ हॉर्सपॉवर आणि चाल मागच्या चाकांची, ते इथे नाही. पण हलकी गाडी वळणावर हातात काय सांगते हे या गाडीवर शिकता येतं. तीनशे हॉर्सपॉवरची गाडी नव्या ड्रायव्हरच्या चुका झाकते. ८५ हॉर्सपॉवरची गाडी दाखवते. ब्रेक उशिरा मारला, चुकीच्या गिअरमध्ये वळणात शिरला, की गाडी पुढे मरगळते. शिकायचं ते इथेच.

तिच्यावर खर्च करायचा तर इंजिनावर करू नका. चार चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश, व्हील अलाइनमेंट. एवढ्याने जुनी गाडी वेगळीच वाटते. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मोठं सायलेन्सर, रुंद टायर, ही दुकानं सिडको ते वाळूजपर्यंत मिळतील. तिकडे जाऊ नका. गाडीत केलेला बदल कळवला नाही तर अपघातात विमा कंपनी दावा अडवू शकते.

जुनी पोलो जीटी टीएसआय किंवा अबार्थ पुंटो घेण्याचा मोह होईल, मला ठाऊक आहे. दोन्ही गाड्या मला फार आवडतात. पोलो जीटीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बिघडला की मेकॅट्रॉनिक्सचं, म्हणजे त्याचे गिअर बदलणाऱ्या युनिटचं, बिल गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठं येतं. अबार्थचं दुःख सुट्या भागांचं आहे. फियाट देशातून गेली, एखाद्या सेन्सरसाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. घरात दुसरी गाडी आणि हातात मोकळा पैसा असलेल्याने त्या घ्याव्यात. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत आणि आता पंपावर मिळतं ते तेच. जुनी कुठलीही गाडी घेताना इंधनाचे होज आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या. स्विफ्टचे हे भाग औश्यातही मिळतील.

बघायला जाल तेव्हा गाडी रात्रभर उभी असलेली, थंड इंजिनाची बघा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. सुरू करताना इंजिनातल्या साखळीचा खडखडाट ऐका, सायलेन्सरचा धूर बघा. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवून एकदम अॅक्सिलरेटर द्या. आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच संपलाय. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, बाकी चलान ऑनलाइन तपासा. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आलेली गाडी नको, फेरनोंदणीचा खर्च आणि खेटे दोन्ही अंगावर येतात.

चालवायचं कुठे? समृद्धीवर नाही. तिथे मर्यादा १२० ची आहे आणि सरळ काँक्रीटवर तासभर वेगात गेलं की तापलेला, जुना टायर फुटतो. सरळ रस्ता ड्रायव्हरला काही शिकवतही नाही. कन्नडच्या औट्रम घाटातही नाही, तिथे धाडस करायला जागा नाही. म्हैसमाळला जाता तसे जा, पहाटे, बेताने, दोन वळणं नीट घेण्यासाठी. आणि वर्षाकाठी थोडे पैसे जमवून एकदा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रेनिंगला जा. तिथल्या शाळांत गाडी त्यांची असते, हेल्मेट त्यांचं असतं, आणि चुका सांगणारा शिक्षक असतो. साडेसोळा लाखांच्या सेडानने सात वर्षांत जे शिकवलं नसतं ते तिथे दोन दिवसांत शिकाल.

राहिलं बुकिंग. २५ हजारांची पावती आणि बुकिंग फॉर्म काढून मागची बारीक अक्षरं वाचा. रद्द केल्यास किती कापणार ते तिथेच लिहिलेलं असतं. तुमच्या नावाने गाडीचं इन्व्हॉइस बनलं किंवा नोंदणीची कागदपत्रं पुढे गेली की रद्द करणं अवघड होतं, म्हणून आजच ई-मेल करा. फोनवर सेल्समनला सांगून थांबू नका. बुकिंग नंबर, तारीख, रक्कम, बँक खातं लिहा आणि 'बुकिंग रद्द करून रक्कम परत करावी' एवढंच लिहा, कारणं देऊ नका. शोरूम मॅनेजरबरोबर कंपनीच्या कस्टमर केअरलाही तोच मेल टाका. महिन्याभरात पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि बँकेला कळवा की कर्जाचं वितरण करू नये. प्रोसेसिंग फी घेतली असेल तर ती बहुधा परत येणार नाही, ती जाऊ द्या.